दहावा सूचक

(बाळापूर. चतुराबाईंच्या घराची ओसरी. चतुराबाई आणि त्यांचा मुलगा अनुप बसले आहेत. विधानसभेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, सकाळ.)

उद्धव : ...म्हणून म्हटलं, आधी आपल्या माणसांकडे जावं. जय भीम, चतुराबाई.

चतुराबाई : बसा. जय भीम तं आज पयल्यांदाच आयकलं तुमच्या तोंडून.

उद्धव : अठ्ठावीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, बाई. तिकीट कोणाले? परवा पक्षात आलेल्या पोट्ट्याले! आता मी अपक्ष उभा राहतो. निवडून नाही येणार, माहीत आहे मले. पण त्याले पाडल्याशिवाय राहत नाही.

अनुप : जाहीरनामा आवडला, उद्धवराव.

उद्धव : तू वकील माणूस, अनुप. तुले माहीत आहे. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराले एक सूचक पुरते. अपक्षाले याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात. नऊ झाले. दहावा भेटून नाही राहिला.

अनुप : एवढ्या तालुक्यात?

उद्धव : लोक भेतात.

चतुराबाई : कायले भेतात? मागच्या इलेक्शनले आमच्या अनुपच्या दहा सूचकांचं काय झालं, ते सांगा. तुमच्याच तोंडानं सांगा. मंग बोलू.

उद्धव : जाऊ द्या ना, बाई.

चतुराबाई : मंग जा तुमी.

उद्धव : ...जानरावले आम्ही अमरावतीले नेलं होतं. पाहुणचार केला. अन् छाननीच्या दिवशी आणून उभं केलं.

अनुप : माझा सख्खा काका. पुढं?

उद्धव : तो म्हणाला, ही सही माझी नाही. दहाचे नऊ झाले. तुझा अर्ज बाद. राजकारण होतं ते, अनुप. वैयक्तिक काही नव्हतं.

चतुराबाई : जानराव मरेलोक या दारात आला नाही, शरमेनं. माह्या दिराचं तोंड म्या मयतीत पायलं. वैयक्तिक काइ नोयतं?

उद्धव : ...चुकलं, बाई.

चतुराबाई : बरं. काय पायजे आता?

उद्धव : तुमचा अंगठा.

अनुप : सही नको?

उद्धव : सही फिरते रे. ओसरीवर केली अन् छाननीले नाही म्हटलं, की संपलं. अंगठा अधिकाऱ्यासमोरच लावा लागते, तो स्वतः साक्षांकित करते. त्याले कोण माझा नाही म्हणेल? नऊच्या नऊ अंगठेवालेच धरले मी. गावोगाव हिंडलो. आजकाल साले सगळेच शिकले!

अनुप : शिक्षणाचे दुष्परिणाम.

चतुराबाई : अनुप, तू तं तवा मले घेतलंच नोयतं.

अनुप : सगळ्या सह्या असल्या की कागद बरा दिसते, असं वाटलं होतं, आई.

चतुराबाई : तेच मनाले लागलं. मंग शिकलो मी दीक्षाजवळ. नात हाय माही, लय खडूस मास्तरीन. कागद काढा, उद्धवराव.

उद्धव : नाही, नाही, बाई! ऑफिसात चला. गाडी उभी आहे बाहेर. तिथं अंगठा...

चतुराबाई : अंगठा मी आता बँकेतबी देत नाही. सही करतो.

उद्धव : पण बाई...

अनुप : तीन वाजता दार बंद होते, साहेब. दुसरा अंगठा शोधता?

उद्धव : कुठं सापडते आता. ...हे घ्या. इथं.

चतुराबाई : थांबा, कागद नीट धरा. च... तु... रा... बा... ई... झालं. ‘ई’ जराशी वाकडी आली.

उद्धव : बाई, सरळ सांगा. उद्या छाननीत कोणी विचारलं, तर काय म्हणाल?

चतुराबाई : उद्याचं उद्या.

उद्धव : रात्रभर जीव टांगून ठेवता काय माझा?

चतुराबाई : जेवून घ्या नीट अन् पडा. आमचा अनुप तं त्या राती मस्त झोपला होता. त्याले मालूमच नोयतं.