बाईंनी लिहिलेलं कार्ड

(शब्दकोशाचं ऑफिस, तिसरा मजला. अनुवादिकेच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी.)

अनुवादिका : माझ्या जपानीच्या बाईंनी कोशाच्या कामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं मला. दुसऱ्यानं लिहिलेलं शब्दाचं कार्ड कापायचं तर आधी त्याला फोन कर, मगच लाल पेन उचल. आणि मी हसले होते, सर! म्हटलं, एवढ्याशा शब्दासाठी कसला फोन!

संपादक : बसा तरी, मॅडम.

अनुवादिका : बसायला नाही आले. ‘जेम’चं कार्ड कुठंय?

संपादक : आहे की ॲपमध्ये. इंग्रजी ‘जेम’, जपानी ‘होसेकी’. रत्न. विषय संपला.

अनुवादिका : आणि खालचे दोन अर्थ?

संपादक : ते लाक्षणिक हो. फोनच्या पडद्यावर एका शब्दाला एकच ओळ, असं वरून आलंय. शिवाय मंजुरी तुमचीच आहे. नाव बघा.

अनुवादिका : चारशे कार्डं एका फाइलीत कोंबून पाठवलीत, वर ‘अर्जंट’! ही तापानं फणफणलेली. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातानं दिली मंजुरी. वाचलं नाही मी. ती चूक माझी, कुणाच्या गळ्यात मारत नाही. पण तुम्ही तरी वाचलं होतंत?

संपादक : अहो, कुणी जपानी माणसाला म्हणालं, ‘आमची शेजारीण म्हणजे होसेकी’, तर समजून घेईल की तो.

अनुवादिका : शेजारीण अंगठीत बसवायची आहे, असं समजेल! हुशार माणसासाठी ‘इत्सुझाई’ होता कार्डावर. तोही उडवलात. आणि तिसरा अर्थ, अडीनडीला धावून येणारं माणूस. तिथे बाई म्हणाल्या, शब्द शोधत बसू नकोस, माणसं तोंडानं काय म्हणतात ते लिहू. ‘इते कुदासात्ते तासुकारिमास.’ तुम्ही आहात म्हणून निभावतंय.

संपादक : हां, परवा आल्या होत्या त्या.

अनुवादिका : कोण? बाई? इथे?

संपादक : कार्ड बघायचंय म्हणाल्या. दाखवलं. दोनदा वाचलं, चष्मा काढला, गेल्या.

अनुवादिका : माझं नाव वाचलं त्यांनी?

संपादक : तळाशीच असतं ना ते.

अनुवादिका : लिफ्ट तर आठवडाभर बंद आहे! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई तीन मजले चढून आल्या, सर. पाणी तरी विचारलंत?

संपादक : मीटिंग चालू होती.

अनुवादिका : मीटिंग! लाज नाही वाटत सांगायला?

संपादक : मॅडम, एका कार्डासाठी एवढं...

अनुवादिका : ही झाली तेव्हा मला अंथरुणातून उठवत नव्हतं. नवरा परगावी. बाई रोज सकाळी यायच्या. हिला न्हाऊ घालायच्या, मला भरवायच्या. परदेशातल्या नणंदेनं फोनवर इंग्रजीत म्हटलं, तुझ्या बाई म्हणजे जेम आहेत. बाई हसून म्हणाल्या, मला खडा नका करू गं! त्याच दुपारी हिला मांडीवर घेऊन लिहिलं ते कार्ड. उदाहरणाचं वाक्य माझं होतं, बाईंसाठीच. तोंडानं कधी म्हणायला जमलं नाही, म्हणून तिथे लिहिलं. आणि त्यांनी काय वाचलं? ते वाक्य मीच कापलं.

संपादक : हे कुठे लिहिलं होतं? कसं कळायचं मला?

अनुवादिका : एक फोन केला असता तर कळलं असतं. तुम्हालाही आणि मलाही.

संपादक : मग आता करा की फोन.

अनुवादिका : परवापासून उचलत नाहीयेत. मला वाटत होतं, कुठे बाहेर गेल्या असतील. तुमच्या तोंडून आत्ता कळतंय, त्या जिना चढून आल्या होत्या.

संपादक : एकट्याच राहतात?

अनुवादिका : एकट्याच.

संपादक : ...थांबा. कार्ड परत लावतो. तिन्ही ओळी. वरच्यांना काय सांगायचं ते बघीन.

अनुवादिका : ते सावकाश लावा. मी निघाले त्यांच्याकडे, पोचायला अर्धा तास लागेल. हा नंबर घ्या. तोवर फोन करत राहा. उचलला तर काही समजावू नका, फक्त विचारा, पाणी प्यायलात का.