बाळ्याच्या नावचा सारा

(जव्हार संस्थानातला नदीकाठचा पाडा. भात झोडून झालंय. सारा लिहायला आलेले नवे कारकून टिपणीस चैतीच्या खळ्यात बाजेवर बसलेत, बाजेशेजारी याच गावचा भिका पाटील उकिडवा. चैती सुपात नागली पाखडते आहे, आणि हा नवा माणूस विचारतो फार, असं तिच्या मनात येतंय.)

टिपणीस : बाकीचं सगळं मागाहून. आधी वहीत नाव आहे त्या बाळ्याला बोलाव.

चैती : तो नाय येणार.

टिपणीस : का नाही येणार? दरबारचा माणूस दारात आलाय म्हणावं.

चैती : माझा बापूस जिता होता तवाही हाक मारल्याबरोबर कधी आला नाय. आता तर मेलाय.

टिपणीस : मेलाय? कधी?

चैती : पटकीच्या सालात. माझी रुपी तवा झोळीत होती. आता तिचं लगीन काढलंय.

टिपणीस : पाटील, माझ्याकडे तर लिहिलंय की गेल्या साली बाळ्याने सारा भरला.

भिका : भरला ना, रावसाहेब. एक साल चुकला नाय. जिता होता तेव्हा मला दहा खेपा घालायला लावायचा. मेल्यापासून माणूस सुधारला.

टिपणीस : थट्टा पुरे. मेलेल्या माणसाकडून सारा घेता तुम्ही?

भिका : माणसाकडून कुठं घेतो, नांगराकडून घेतो. आपल्या मुलखात नांगरामागं सारा. नांगर चालतोय, सारा येतोय. मी म्हटलं, नाव कशाला खोडा?

टिपणीस : बरं. नांगर धरतो कोण?

चैती : ढवळू. अन् तू चहा पितोस का रं दादा? चहा नाय, पण विचारते. गवती चहाचं पाणी हाय.

भिका : अगं, तुम्ही म्हण. साहेब हायेत ते.

चैती : आम्ही देवालाही तूच म्हणतो. ह्याला राग येतो का?

टिपणीस : नाही येत. दे ते पाणी. हा ढवळू कोण?

चैती : माझ्या पोरांचा बापूस.

टिपणीस : म्हणजे नवरा.

चैती : अजून नाय. होळी झाली की होईल.

टिपणीस : थांब जरा. मुलीचं लग्न निघालं, आणि तुझं व्हायचंय?

भिका : रावसाहेब, तुम्ही ठाण्याकडून आलात, तुम्हाला नवल वाटणार. ह्यांच्यात आधी घर मांडतात. लगीन जमेल तेव्हा. तांदूळ लागतो, ताडी लागते, सगळा पाडा जेवतो. जमेस्तोवर पोरं मोठी होतात. कुणी नावं ठेवत नाय.

टिपणीस : आणि जमलंच नाही तर?

चैती : पोरीच्या लग्नाआधी जमवावंच लागतं. आईबापाचं लगीन झालेलं नसलं तर पोरीच्या मांडवात त्यांना मान नाय. बाहेर बसायचं, परक्यासारखं. म्हणून एकाच मांडवात आधी माझं, मग रुपीचं.

टिपणीस : हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छान आहे. बरं, तो ढवळू आहे कुठे? शेतावर?

चैती : तो बघ. नदीपल्याड, सादड्याच्या झाडामागं धूर दिसतो ना, ती त्याची चूल.

टिपणीस : ते मोखाड्याकडचं. तो इंग्रजांचा मुलूख झाला.

चैती : धूर तर इकडंच येतो.

टिपणीस : तू इकडे आणि तो तिकडे? का?

चैती : तिकडं त्याचा बापूस हाय, आंधळा. शेत हाय. इकडं माझी आयस होती, ती परवाच्या पावसात गेली. शेत माझ्या बापसानं जंगल तोडून काढलेलं. मी कशी सोडू? तो तरी त्याचं कसं सोडंल? पोरगा तिकडं असतो, पोरगी इकडं. नदी सुकली की सगळी एका चुलीवर जेवतो. कधी ह्या, कधी त्या.

टिपणीस : आणि पावसात, नदी भरली की?

चैती : मग धूर बघायचा. सकाळी त्याचा धूर निघाला की मी माझी चूल पेटवते. एकदा दोन दिवस धूर नाय निघाला. मी वेडी झाले नुसती. मागून कळलं, लाकडं भिजली होती.

टिपणीस : आणि बैल कुणाचे?

चैती : एक माझा, एक त्याचा.

टिपणीस : काय सांगतेस.

चैती : ढवळ्या माझा, पवळ्या त्याचा. जोडी एक. आधी इकडची चिखलणी करतो, मग पाणी चढायच्या आत बैल घेऊन पल्याड जातो.

टिपणीस : पाटील, अर्धा नांगर संस्थानचा आणि अर्धा इंग्रजांचा. ह्याचा सारा कसा धरायचा?

भिका : म्हणून तर मी बाळ्याचं नाव ठेवलं होतं, रावसाहेब. मेलेला माणूस काय विचारत नाय.

टिपणीस : तिकडे ढवळू सारा भरतो?

चैती : भरतो. तिकडं बैल मोजत नाय, जमीन मोजतात. साखळी घेऊन येतात. तिकडच्या कारकुनानं त्याला विचारलं, बायको हाय का? तो म्हणाला, लगीन नाय. मग त्यानं लिवलं, एकटा.

टिपणीस : तू इकडे एकटी, तो तिकडे एकटा. आणि पोरं दोन.

चैती : तुम्ही लिवता तसं. आम्ही एकटी नाय.

टिपणीस : हे बघ बाई, आता मन घट्ट करून ऐक. मेलेल्याच्या नावाने सारा चालायचा नाही. मला तुझं नाव लिहावं लागेल. लग्न न झालेली मुलगी त्याच घरात राहिली असेल तर तिच्या नावाने नांगर लिहिता येतो. पण लग्न झालं की नवऱ्याच्या नावाने लिहायचा. आणि परमुलखातल्या माणसाच्या नावाने इथे नांगर लिहायचाच नाही, असा हुकूम आहे.

चैती : म्हणजे होळीला माझं लगीन झालं की शेत गेलं.

टिपणीस : दरबारात जमा होईल. मग मागेल त्याला.

चैती : मागणारा तुझ्याजवळच बसलाय.

भिका : मी नाय, माझ्या पुतण्यानं मागितलंय. लपवत नाय मी. येसूला जमीन नाय, पोरंबाळं हायेत. शेत पडीक राहण्यापेक्षा बरं ना? चैती, तुझ्यावर माझा राग हाय का? मीच इतकी वर्षं झाकलं.

चैती : झाकलंस. कोंबडीपण नेलीस दर साली.

भिका : ती तर तू देत होतीस.

टिपणीस : चैती, एक विचारू? हे हुकुमाचं तुला आधीपासून ठाऊक होतं?

चैती : आधीची सालं भात पुरलं नाय, ते खरं. मग एक साल भरपूर पिकलं. मी म्हटलं, चल, लगीन करू. त्याच सालात बापूस गेला. तवा ढवळूच म्हणाला, नको. लगीन केलं तर तुझं शेत जाईल. राहू दे.

टिपणीस : तो म्हणाला?

चैती : तोच. त्याच्या भावाच्या पोराचं लगीन झालं, तवा हा बाहेर पिंपळाखाली बसून होता. काका असून मांडवात मान नाय. लोक हसले. घरी आला. बैलांना पाणी पाजलं अन् झोपला. मना त्याचं फार वाईट वाटतं. आता पोरीच्या मांडवातही त्याला बाहेर बसवू? ते मी नाय करणार. अन् शेतही नाय सोडणार. तू काय ते बघ.

भिका : घ्या. दोन्ही हवंय बाईला.

टिपणीस : थांबा पाटील, मला विचार करू द्या. मुलीचा नवरा कोण?

चैती : जिवा. इथंच असतो दोन सालांपासून. घरजावई म्हणून आलाय, कामानं पोरगी कमवतो. आता मागं शेण काढतोय.

टिपणीस : कुठला?

चैती : दाभोशाचा.

टिपणीस : म्हणजे संस्थानचाच. लग्नानंतर इथेच राहणार?

चैती : इथंच. त्याच्या घरी पाच भाऊ हायेत, तिकडं त्याला कोण पुसतो?

टिपणीस : एकाच मांडवात दोन लग्नं, आधी तुझं, मग रुपीचं. मध्ये वेळ जातो का काही?

चैती : जातो तर. आमची धवलेरी, लगीन लावते ती म्हातारी, गाणं म्हणून म्हणून दमते. एक लगीन लावलं की ताडी पिते, पाय पसरते, सगळ्यांना शिव्या देते. मग दुसरं गाणं धरते.

टिपणीस : म्हणजे तेवढा वेळ या घरात लग्न न झालेली मुलगी एकच. रुपी.

भिका : रावसाहेब, काय चाललंय तुमचं?

टिपणीस : आज बाळ्याचं नाव जातं आणि चैतीचं लागतं. होळीनंतर चैतीचं लग्न लागलं की तिचं नाव जातं, घरात राहिलेल्या मुलीचं लागतं. मग मुलीचं लग्न लागलं की नवऱ्याचं. नवरा संस्थानचा, नांगर संस्थानात. हुकूम कुठेच मोडत नाही.

भिका : मांडवात बसून लिहिणार तुम्ही? म्हातारी ताडी पिईस्तोवर?

टिपणीस : दौत घेऊन येईन. तुम्ही साक्षीला बसा.

भिका : म्हातारी थांबलीच नाय, गाणं लगेच धरलं, तर?

चैती : थांबंल. ताडी मीच ओतणार हाय.

भिका : आणि येसूला मी काय सांगू?

टिपणीस : शेत मोकळं नाही म्हणावं. दुसरं असेल तर मी बघतो, खरंच बघतो. चैती, वाटलं तर रुपीचं नाव आजच लावू. मग मांडवात घाई नको.

चैती : आज नको.

टिपणीस : का? सोपं पडेल.

चैती : आज माझं लाव. मी हायेच ना इथं.

टिपणीस : बरं. हे लिहिलं.

चैती : काय लिवलं? वाच.

टिपणीस : चैती, बाळ्याची लेक. नांगर एक.

चैती : परत वाच.

टिपणीस : चैती, बाळ्याची लेक. नांगर एक.

भिका : आता झालं ना समाधान? होळीपर्यंत मालकीण हो. जा, त्या ढवळूला हाक मार, सांग त्याला.

चैती : सांगते. सांगते त्याला, होळीला ये नवरा व्हायला. पण जरा सावकाश ये.