तंबूचा खांब

चौमूला जाणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तसा जयपूरला बदली होऊन आलेल्या विभाने कानातला इअरफोन काढला. एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होती.

“बाबा, आता फील्ड हॉस्पिटलचा तंबू हवेवर उभा राहतो. मतलब, ब्लोअर लावला की फुगतो. माझंच डिझाइन आहे. उद्या लष्कराला दाखवायचंय.”

“लढाईत आमचा कॅनव्हासचा तंबू ठोकून होईपर्यंत जखमी दारात यायचे. छान केलंस, अनुया. आणि मधला खांब?”

“खांबच नाही! तीच तर गंमत.”

“अस्सं.”

“का? सलाइनला स्टँड आहेत ना.”

“सलाइनचं नाही गं. आमच्याकडे प्रत्येकाला खांबाजवळचीच खाट हवी असायची. तोफा सुरू झाल्या की पोरं हात लांब करून खांब धरायची. धरून धरून गुळगुळीत झाला होता.”

“पण खांबही हादरत असेल.”

“हादरायचाच. तरी धरायची.”

झोटवाडा, विभाचा स्टॉप, आला आणि गेला.

“बाबा, मधे एक खांब लावू?”

“छताला नको असलेला खांब? विचारतील, कशाला म्हणून.”

“सांगेन, धरायला.”