पावसात धूसर

हबीबगंजजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबराची वाट पाहत होतो. शेजारी एक बाई पदराचं टोक चाळवत बसल्या होत्या. त्यांचे यजमान तपासून बाहेर आले.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“डोळे एकदम ठीक आहेत. मोतीबिंदू नाही, काही नाही.”

“देवच पावला! मग पावसात गाडी चालवताना धूसर का दिसतं तुम्हाला?”

“तेच तर कळत नाही. वायपरला नवी रबरं घातली, मोटर नीट चालते, दोन्ही दांड्या काचेला घट्ट टेकतात. म्हणून वाटलं, डोळेच गेले. गाडी विकायचंच मनात होतं माझ्या.”

“अहो, एक सांगू? धूसर मलाही दिसतं.”

“तुला?”

“वायपर फिरला की काचेवर दुधासारखा थर येतो. मला वाटलं, माझेच डोळे बिघडले. तुम्ही आधीच घाबरलेले, म्हणून बोलले नाही.”

“म्हणजे दोष काचेत आहे!”

“रविवारी गाडीला मेणाचं पॉलिश लावता, ते काचेलाही फासता ना?”

“फासतो की. जुनी गाडी, जरा चमकते.”

“तेच पसरत असणार पाण्याबरोबर. घरी गेलो की साबणानं घासून काढू.”

“मंजूषा, केवढा घोर गेला गं जिवाचा! पण थांब. आत्ता पिपलानीहून या पावसात येताना तू सांगत होतीस, ‘समोर बस आहे, डावीकडे घ्या.’ ते कसं?”

“अंदाजानं.”

“मग बस इथंच. पाऊस थांबला की निघू.”