घासलेल्या बशा

आई : म्हणजे बशा घासल्यास म्हणून तू रडतेयस?

मुलगी : जेवायच्या नव्हत्या गं त्या. प्रयोगशाळेतल्या होत्या. काचेच्या. आत बुरशी होती.

आई : मग घासायलाच हव्या होत्या.

मुलगी : ती मुद्दाम वाढवली होती, आई. मॅडमनी. दोन महिने खपून.

आई : अगं बाई! आपल्याकडे तर न खपता वाढते.

मुलगी : हसू नकोस.

आई : मी कुठे हसतेय? बेसिनमध्ये होत्या का?

मुलगी : बाजूला. मॅडम कॅमेरा आणायला गेल्या होत्या. मला वाटलं, नुसतं बसून काय करायचं, घासून टाकू. तू नाही का, कॅन्टीनची ढीगभर भांडी घासून आलीस तरी इथे एक चमचा पडू देत नाहीस!

आई : माझं नाव सांगितलंस त्यांना?

मुलगी : नाही.

आई : बरं केलंस. काय म्हणाल्या?

मुलगी : एक बशी उजेडात धरली. म्हणाल्या, ‘स्वच्छ निघाल्यात अगदी.’ मग खुर्चीत बसल्या.

आई : ओरडल्या नाहीत?

मुलगी : ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा दिला. म्हणाल्या, उद्या ये, पुन्हा लावू. मी नाही जाणार.

आई : आधी विचारायचं ना, घासू का म्हणून.

मुलगी : विचारलं की सगळ्यांना कळतं, हिला काही येत नाही.

आई : येत नाही म्हणूनच घेतलंय ना सुट्टीत? ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांच्यासाठीच ही योजना आहे म्हणालीस.

मुलगी : हो. पुढे एम.एस्सी., पीएच.डी. करावीशी वाटते का, ते बघायला. बघितलं. पदवी झाल्यावर मामाच्या दुकानात बसायचंच ठरलंय, तर आत्ताच बसते. तुलाही तेच हवंय.

आई : हवं होतं.

मुलगी : मग झालं तर.

आई : झालं काय? गणितात नापास झालीस तेव्हा पोटभर जेवून ढाराढूर झोपलीस. आणि बुरशीसाठी रस्ताभर रडत आलीस. नाक बघ आरशात.

मुलगी : मला तिथे आवडतं गं. फार आवडतं. म्हणून तर मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

आई : फोन दे इकडे.

मुलगी : मॅडमना करू नकोस, प्लीज!

आई : (फोनवर) दादा? हं, मीच. पोरगी गल्ल्यावर बसणार नाही. आत्ता नाही, नंतरही नाही... बरी आहे रे. पुढे शिकणारेय... बुरशी... अरे बुरशी, बुरशी! भिंतीवर येते ती... ते मला काय विचारतोस? लग्न? होईल तेव्हा होईल. ठेवते.

मुलगी : काय म्हणाला मामा?

आई : पोरगी हातची गेली म्हणाला.

मुलगी : आणि तुला काय वाटतं?

आई : मला भीती वाटते. उद्या किती वाजता निघायचंय तुला?