शिरपामाळावरची शपथ

बंद कर ते. आधी बंद कर, सोमी, माझ्या देवघरासमोर असलं काही उघडू नकोस — वाचलं मी, चार ओळी वाचल्या तेवढ्या पुरे झाल्या, अंगावर पाल पडावी तसं झालंय. शी. आणि नावापुढं फोटो कुणाचा लावलाय मेल्यानं, तर बाळकृष्णाचा. सकाळी उठून 'जय हरी', मग हळूच — जेवलीस का, घरी एकटी आहेस का, फोटो पाठव. कसला फोटो ते मी तोंडानं बोलणार नाही. तोंडात राम, बगलेत सुरी म्हणतात, पण सुरी बरी गं, निदान ती कापते ते दिसतं तरी. त्याची किळस येतेच, पण तुझ्यापासून काय लपवायचं — मला तुझ्या निशाचीही येते. बारा वर्षांची घोडी, दर रविवारी साखरशेतहून माझ्या बालसंस्कार वर्गाला येते, सगळी स्तोत्रं तोंडपाठ, प्रसाद वाटायला पुढं. आणि घरी गेली की तुझा फोन घेऊन हे शेण खायचं? मग मी शिकवलं काय तिला इतकी वर्षं?

बस. पाणी पी. जीपमध्ये उभ्यानंच आली असशील जव्हारपर्यंत. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलीस म्हणून तुला दारात घेतलं, दुसऱ्या कुणाला घेतलं नसतं. ती कुठाय? ओट्यावर? तिथंच राहू दे. आत माझी येसू आहे — नात माझी, उमेशची मुलगी, आईबाप ठाण्याला नोकरीला म्हणून माझ्याकडं असते — तिच्या कानावर असलं काही जायला नको. एवढीच आहे तीही, निशाएवढीच, पण बघ फरक. माझा जुना फोन दिलाय तिला अभ्यासाला, कधी तक्रार नाही. हल्ली तर बोलतही नाही फारशी, गुणी पोर. सकाळी उठली की आधी आईला ठाण्याला फोन — आई, तू बरी आहेस ना? शाळेतून आली की पुन्हा तेच. सूनबाई कंटाळते, पण मी म्हणते, बाई गं, याला संस्कार म्हणतात.

पोलीस? नको, पोलिसांचं नाव काढू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या लोक म्हणतील उज्ज्वलाबाईंच्या वर्गातली मुलगी — मग कोण पाठवणार पोरं देवळात? आम्ही काही कमी केलं का? शिरपामाळावर सहल नेली ती कशासाठी? छत्रपतींचा मुक्काम झालेली जागा, तिथं घेतलेली शपथ पोरं मोडणार नाहीत म्हणून. आया ओळीनं बसवल्या, तूही होतीस, सूनबाई तर मुद्दाम सुट्टी काढून आली होती. प्रत्येकाचा हात आईच्या डोक्यावर. मी अनोळखी माणसाशी फोनवर बोलणार नाही, बोलले तर — हो, बोलले तर माझ्या आईचं बरंवाईट होईल. मग? धाक नको? देवाचा धाक उरला नाही पोरांना, आईचा तरी असू दे. रडली दोन-तीन पोरं, रडू देत म्हटलं, रडून घेतलेली शपथ टिकते.

आणि तिनं मोडली. वर आता तुझ्याशी बोलत नाही, खात नाही — सगळी ढोंगं. काय करते? रात्री उठून तुझ्या नाकापुढं हात धरते? श्वास चाललाय का बघते? सोमी, हे कसलं नवीन खूळ —

काय म्हणालीस? शपथ सोडवायची? म्हणजे तू यासाठी आलीस, एवढ्या लांब? मी 'सुटली' म्हणू? आट्यापाट्यांचा खेळ आहे का हा? एकीची सोडवली की बाकीची पोरं काय करतील, देवाची शपथ म्हणजे काय चिंचेचं बोटूक, चाखलं आणि टाकलं? मी नाही म्हणणार. आधी तिनं येऊन नाक घासावं, कबूल करावं. तुला सांगायला काय झालं होतं तिला, पहिल्याच दिवशी? आईला नाही सांगायचं तर कुणाला —

थांब. पुन्हा सांग. त्यानं असं लिहिलं? दाखव. नाही, दाखव, उघड तो फोन. 'तू शपथ मोडली आहेस. आईला सांगितलंस की त्याच क्षणी आई जाईल.'

पण त्याला शपथ कशी ठाऊक? माळावर तर आपणच होतो सगळे. बाहेरचं कुणी — उमेशनं व्हिडिओ काढला होता, तो मी नेटवर टाकला, जगाला कळू दे म्हटलं आदिवासी भागातही संस्कार होतात. पोरांची नावं घातली होती खाली. गावंही. कौतुक व्हावं म्हणून गं. आणि पहिलं कौतुक — बघू तो फोटो. बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा. हाच. 'धन्य त्या माता, धन्य त्या गुरुमाउली.' मी हात जोडून पाठवले होते त्याला. वर्गाच्या ग्रुपवर घेतला मीच, सगळ्यांचे नंबर होते तिथं, म्हटलं सज्जन माणूस आहे, पोरांना रोज सुविचार देईल.

शी. शी, शी.

हात धर जरा, उठव मला. निशा — निशा, इकडं बघ. नको, वाकू नकोस, पाया पडू नकोस माझ्या. सुटली. ऐकलंस? शपथ सुटली. मीच घातली होती, मीच सोडवली, तुझ्या आईला काही होत नाही. बोल आता, सगळं बोल. सोमी, रडू दे तिला, धरून बस. मग इथूनच चौकीत जा. कुणाचा वर्ग विचारलं तर माझं नाव सांग, व्हिडिओचंही सांग. फोनमधलं काही पुसू नकोस.

मी येते ना. येते मागून. आधी —

तिचा आवाज येतोय का तुला आतून? ठाण्याला फोन लावलाय. ऐक. आई, तू बरी आहेस ना?

तुम्ही निघा, सोमी. दार ओढून घे. येसू, फोन ठेव बाळ. मी आत येते.