कावळ्याचा फैसला

कनीज : माझ्या पातेल्यात नाही शिजणार. शेजारणीचं मागून आणा.

मौलवी : अगं, कावळ्यासाठी पातेलं कोण देईल?

कनीज : मग मी तरी का द्यावं? तीन दिवस मांडवात वाद घातलात, कावळा हलाल आहे म्हणून जिंकलात, लोकांनी हार घातले. तिथंच थांबायचं होतं.

मौलवी : मी थांबलो होतो. वादात हरलेल्या रियासत अलींची माणसं थांबेनात. म्हणाली, हलाल आहे ना, मग मौलवी बशारतुल्लांनी आज दिवस कलता, असरच्या नमाजानंतर सगळ्यांदेखत खाऊन दाखवावा. आणि मारलेला कावळा घालून ही टोपली धाडली.

कनीज : हलाल आहे म्हणजे खाल्लंच पाहिजे, असं कुठं आहे?

मौलवी : तेच म्हटलं. हसले.

कनीज : हसू देत. जुबैदाच्या सासरचे बदायूंहून तारीख धरायला यायचेत. कावळेखाऊची लेक करतील ते? कोतवालाला गाठा, साहेबाची मनाई आणा.

मौलवी : मुसलमानानं काय खावं ते गोऱ्यानं ठरवायचं?

कनीज : मग पोट बिघडलं म्हणा.

मौलवी : बाहेर शुबराती बसलाय.

कनीज : तो विणकर? त्याचा काय संबंध?

मौलवी : त्याच्यावरूनच सगळं निघालं. दुष्काळात त्याच्या आईनं कावळा शिजवून पोरांना घातला. पोरं जगली, ती गेली. आळीतली माणसं म्हणतात, हराम पोटात घेऊन मेली. तो मला विचारायला आला, मी किताबं काढली. खाणं हलालच आहे, असं लिहून दिलं. तिथून गाव पेटलं.

कनीज : मला वाटलं, तुम्हीच उकरून काढलंत.

मौलवी : आता मी तोंड फिरवलं, तर त्यानं काय समजायचं?

रियासत : मौलवीसाहेब, मागच्या दारानं आलोय. वहिनी पडद्याआड गेल्या का?

मौलवी : गेली. या, रियासत अली. मी खातो का ते बघायला आलात?

रियासत : सांगायला आलो. टोपलीतला खाऊ नका. आमच्या पोरांनी तो गलोलीनं पाडलाय, सुरी फिरवली ती मेल्यावर. मुर्दार आहे.

मौलवी : तुमच्या मते कावळा तसाही हरामच.

रियासत : आहेच. पण तुम्हाला मुर्दार चारून जिंकलो, असं नको व्हायला.

कनीज : त्यांना विचारा, उपरण्यात काय फडफडतंय.

रियासत : जिवंत आहे, वहिनी. पारध्याकडून आणला. चोच फार मारतो.

मौलवी : मग तुम्हीच कापा.

रियासत : हराम पाखरावर अल्लाचं नाव मी घेणार नाही.

मौलवी : पाय तरी धरा.

रियासत : पाय धरतो.

कनीज : मातीचं मडकं आहे, ते चढवते. नंतर फोडता येईल. आणि कांदा जास्तच घालते.

(संध्याकाळ. मौलवी रिकामी ताटली घेऊन घरात येतात.)

कनीज : खाल्लात?

मौलवी : खाल्ला. चिवट होता.

कनीज : म्हणजे मिटलं एकदाचं.

मौलवी : कसलं मिटतंय. रियासत अली उठून म्हणाले, कावळा हराम आहे, पण कापला नीट, पाय मी धरले होते. त्यांच्याच माणसांनी त्यांना खाली बसवलं. आता म्हणतात, तो कावळा नव्हताच, कोकिळा होती. शुक्रवारी त्यावर वाद. मांडव तसाच ठेवलाय.

कनीज : आणि बदायूंचे?

मौलवी : आधीच येऊन गर्दीत बसले होते. व्याही म्हणाले, कोकिळा असेल तर आमची हरकत नाही.

कनीज : शुक्रवारी हरा मग. शुबराती काय म्हणाला?

मौलवी : जवळ येऊन विचारलं, कडू होता का? म्हटलं, नाही रे, बरा लागला. तर म्हणाला, आई म्हणायची, कडू आहे, मला जात नाही, तुम्हीच खा. आणि ताटलीकडे बघत उभाच राहिला.

कनीज : म्हणजे तिनं खाल्लाच नव्हता.

मौलवी : भुकेनं गेली ती. आम्ही तीन दिवस तिच्या पोटात कावळा शोधत होतो.